गाणं काढलं की प्रसंगही जातो

नाताळच्या आदली संध्याकाळ. घरची मंडळी एकमेकांना आणलेल्या भेटी उघडत बसली आहेत. कॅरननं काही दिवसांपूर्वी नवऱ्याच्या कोटाच्या खिशात सोन्याचा हार पाहिलेला आहे, आणि तो आपल्यासाठीच असणार असं ती धरून चालली आहे. प्रत्यक्षात तिच्या हाती येतं ते चपटं, चौकोनी पुडकं. आत जोनी मिचेलची सीडी. म्हणजे हार दुसऱ्या कुणासाठी होता. ती चेहरा सावरते, काहीतरी निमित्त सांगते आणि झोपायच्या खोलीत येते. मिचेलचं गाणं सुरू होतं. ती तिथंच उभी राहते, डोळे पुसते, मग वाकून पलंगावरची चादर हातानं सारखी करते आणि पुन्हा मुलांमध्ये जाते.

‘लव्ह ॲक्चुअली’ (२००३) मधला हा प्रसंग. खोलीत आल्यानंतर कॅरन झालेल्या एमा थॉम्प्सनच्या तोंडी एकही वाक्य नाही. जे काही बोलायचं ते गाणं बोलतं. आणि ते गाणं नेमकं कुठलं, हे फार महत्त्वाचं आहे. ‘बोथ साइड्स नाऊ’ हे ते गाणं मिचेलनं विशीत लिहिलं. १९६९ च्या अल्बममध्ये ते तिच्या तरुण, उंच, पातळ आवाजात आहे. चित्रपटात मात्र वाजतं ते २००० सालचं रेकॉर्डिंग: पन्नाशी उलटलेल्या बाईचा खाली उतरलेला, थोडा खरखरीत झालेला आवाज, आणि मागे भरगच्च ऑर्केस्ट्रा. शब्द तेच आहेत. प्रेम दोन्ही बाजूंनी बघून झालं आणि तरी ते कळलं नाही, असं विशीतली मुलगी म्हणते तेव्हा तो अंदाज असतो. पन्नाशीतली बाई म्हणते तेव्हा ती हकिकत असते. कॅरनला हकिकत हवी होती. १९६९ चं रेकॉर्डिंग तिथं लावलं असतं, तर त्याच नटीचा तोच अभिनय असूनही प्रसंग वेगळा झाला असता.

आणखी एक धागा. आधीच्या एका प्रसंगात कॅरननं नवऱ्याला सांगितलेलं असतं की तिच्यासारख्या थंड इंग्रज बायकोला भावना म्हणजे काय ते याच गायिकेनं शिकवलं. नवऱ्यानं ते लक्षात ठेवलं आहे. भेट अगदी अचूक निवडलेली आहे, आणि म्हणूनच ती इतकी लागते. त्या सीडीच्या जागी दुसऱ्या कुणाची सीडी ठेवून चालणार नाही. खोलीत दुसरं गाणं वाजवून चालणार नाही. नाटकातला एखादा संवाद बदलण्याइतकाच तो बदल गंभीर ठरेल.

हे मी सविस्तर सांगतोय, कारण रोमँटिक कॉमेडीतल्या गाण्यांबद्दल आपण अजूनही सजावटीच्या भाषेत बोलतो. हलकाफुलका सिनेमा, त्यात चार ओळखीची गाणी घातली, माहोल जमला, असं. माझं म्हणणं वेगळं आहे. या सिनेमातलं गाणं हा पटकथेचा भाग असतो. आणि तो पटकथेचा भाग असेल, तर चित्रपट दाखवणाऱ्यांना, हक्क विकणाऱ्यांना आणि कायद्यालाही ते गाणं परस्पर काढून टाकण्याची मुभा असता कामा नये. आज ती आहे.

या प्रकारातच गाण्याला एवढं वजन का येतं, हे आधी बघू. रहस्यकथेत गुन्हेगार कोण ते लपवलेलं असतं. रोमँटिक कॉमेडीत काहीच लपवलेलं नसतं. ही दोघं एकत्र येणार हे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं. उशीर होतो तो फक्त बोलण्याला. ज्या क्षणी ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं सरळ म्हटलं जातं, त्या क्षणी गोष्ट संपते. म्हणजे दीड-दोन तास दोन माणसांनी प्रेमात असायचं, भांडायचं, विनोद करायचे, पण मुख्य वाक्य उच्चारायचं नाही. संगीतिकेत ही अडचण येत नाही, तिथं पात्र उठून गायला लागतं. इथं पात्र गप्प राहतं, आणि बाहेरून, रेडिओतून, गाडीतून किंवा नुसतंच कुठूनतरी तिसरा आवाज येतो. तो आवाज प्रेक्षकाच्या ओळखीचा असतो, त्याच्या स्वतःच्या आयुष्यात कधीतरी वाजून गेलेला. नव्यानं रचलेल्या पार्श्वसंगीताला हे जमत नाही. व्हायोलिन दुःख सांगू शकतं. पण अमुक वयात, अमुक माणसाबरोबर ऐकलेलं दुःख सांगायला गाणंच लागतं.

‘द ग्रॅज्युएट’ला (१९६७) निखळ रोमँटिक कॉमेडी म्हणणं अवघड आहे, पण ही वाट रुंद झाली ती तिथून. संकलन चालू असताना तात्पुरती सोय म्हणून सायमन आणि गारफंकल यांच्या रेकॉर्ड लावलेल्या होत्या. दिग्दर्शक माइक निकोल्स यांना ती जुळणी इतकी पटली की तात्पुरतं ते कायमचं झालं. ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ हे गाणं १९६४ चं, म्हणजे चित्रपटाच्या तीन वर्षं आधीचं. चित्रपटाच्या सुरुवातीला नायक विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर निर्विकार उभा असतो तेव्हा ते वाजतं. शेवटी चर्चमधून नवरी पळवून दोघं बसच्या मागच्या बाकावर बसतात, हसतात, आणि हळूहळू त्यांचं हसू मावळत जातं, तेव्हा पुन्हा तेच वाजतं. पळून जाऊन मुलगा जिथून निघाला होता तिथंच पोचला, हे सांगणारा एकही शब्द संवादात नाही. ते गाण्यात आहे, आणि ते दुसऱ्यांदा वाजण्यात आहे.

‘नॉटिंग हिल’मध्ये (१९९९) वर्ष कसं सरलं हे दाखवायचं होतं. ह्यू ग्रँट बाजारातून चालत जातो, त्या एका चालण्यात ऋतू बदलतात, पाऊस येतो, बर्फ पडतं. सुरुवातीला दिसलेली गर्भवती बाई शेवटी कडेवर बाळ घेऊन उभी असते. वर बिल विदर्सचं १९७१ चं, जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. त्या गाण्यात विदर्स दोनच शब्द लागोपाठ सव्वीस वेळा म्हणतात. ते तेव्हा विमानांतल्या शौचालयाची आसनं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. त्या जागी पुढं नीट शब्द लिहायचे असा त्यांचा विचार होता. स्टुडिओतल्या सहकाऱ्यांनी सांगितलं, राहू दे, असंच राहू दे. कुढणाऱ्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहते, आणि ते फिरणं या गाण्याच्या बांधणीतच आहे. पडद्यावरचा माणूस वर्षभर सरळ चालतो आहे आणि मनानं जागचा हललेला नाही, हे कळायला आणखी कशाची गरज उरत नाही.

काही वेळा सगळ्यांना ठाऊक असलेलं असणं हाच गाण्याचा उपयोग असतो. ‘माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग’मध्ये (१९९७) रेस्टॉरंटच्या टेबलावर एक जण बॅकरॅक आणि डेव्हिड यांचं साठच्या दशकातलं गाणं गुणगुणायला लागतो आणि बघता बघता सगळं टेबल, मग सगळी जागा त्यात सामील होते. हे नव्या गाण्यानं शक्यच नाही. आजूबाजूच्या माणसांना ते पाठ असावं लागतं, आणि प्रेक्षकालाही. ‘व्हेन हॅरी मेट सॅली’त (१९८९) याच गोष्टीचा जास्त हळुवार वापर आहे. १९२४ साली लिहिलेलं गाणं, एकवीस वर्षांच्या हॅरी कॉनिक ज्युनियरच्या आवाजात. आजीआजोबांच्या काळचं प्रेम आजच्या माणसाला जमतं का, हा त्या चित्रपटाचा प्रश्न आहे, आणि आवाज व गाणं यांच्या वयातल्या अंतरात तो आधीच विचारला गेला आहे.

आता मला सगळ्यात पटणारा पुरावा. ‘प्रिटी इन पिंक’चा (१९८६) मूळ शेवट वेगळा होता. नायिका शेवटी तिच्या जुन्या मित्राची होते, असा. ओएमडी या ब्रिटिश बँडनं त्या शेवटासाठी गाणं करून ठेवलं होतं. प्रायोगिक खेळात प्रेक्षकांना तो शेवट आवडला नाही. तो बदलला आणि नायिका श्रीमंत मुलाबरोबर गेली. बँड आला तेव्हा त्यांना कळलं की तयार गाणं आता चालणार नाही. शेवट बदलला म्हणजे शब्द बदलले, भाव बदलला. त्यांनी चोवीस तासांच्या आत ‘इफ यू लीव्ह’ नावाचं नवं गाणं लिहिलं, आणि तेच त्यांचं अमेरिकेतलं सर्वांत गाजलेलं गाणं ठरलं. गाणं नुसती सजावट असतं, तर जुनंच चाललं असतं. कथेचा शेवट बदलल्यावर जी गोष्ट पुन्हा लिहावी लागते, ती कथेचाच भाग असते.

उलट दिशेनंही हे घडलेलं आहे. ‘प्रिटी वुमन’साठी (१९९०) रॉक्सेट या स्वीडिश जोडीकडे गाणं मागितलं, तेव्हा नवं लिहायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. त्यांनी १९८७ चं स्वतःचं एक नाताळगीत पुढं केलं. त्यातला नाताळचा उल्लेख काढून तिथं हिवाळा घातला. एका शब्दाची दुरुस्ती, आणि ‘इट मस्ट हॅव बीन लव्ह’ जून १९९० मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. चित्रपटात ते वाजतं ते नायिका त्याला सोडून गाडीतून निघते तेव्हा. पडद्यावर नुसतं काचेतून बाहेर बघणं आहे. गाण्यातलं प्रेम भूतकाळात गेलेलं आहे, आणि ती मात्र ते प्रेम होतं हे आत्ता कुठं कबूल करते आहे. तो व्याकरणातला काळ तिथं फार काम करतो.

गाण्याच्या या ताकदीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढं जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. ‘से एनिथिंग’मध्ये (१९८९) मुलगी संबंध तोडते, आणि मुलगा पहाटे तिच्या खिडकीखाली मोठा टेपरेकॉर्डर डोक्यावर धरून उभा राहतो. पीटर गॅब्रिएलचं १९८६ चं गाणं वाजत असतं. आज अनेकांना हे खटकतं, आणि खटकावंही. आवाज बंद करून तो प्रसंग बघा: नाही म्हणालेल्या मुलीची झोप मोडणारा मुलगा, एवढंच उरतं. गाणं त्या वागण्याला कोवळेपण देतं. पण तो चित्रपट मला अजूनही टाकून देता येत नाही, त्याचं कारणही गाण्यातच आहे. दोघं पहिल्यांदा एकत्र आली तेव्हा गाडीत हेच गाणं लागलं होतं. तो कुठलं तरी गोड गाणं ऐकवत नाही, तो त्या रात्रीची आठवण करून देतो आहे. आणि ती खिडकीशी येत नाही, अंथरुणात पडून ऐकते. चित्रीकरणाच्या वेळी त्या टेपवर दुसऱ्याच बँडचं गाणं वाजत होतं. ते राहिलं असतं तर आठवणीचा हा धागा तुटला असता आणि खरोखरच नुसता त्रास उरला असता. नैतिकदृष्ट्या प्रसंग कुठं उभा आहे हेच जर एका गाण्यावर ठरत असेल, तर त्याला सजावट कसं म्हणायचं?

यावर एक रास्त आक्षेप आहे: हा सगळा बाजार आहे. नव्वदच्या दशकात चित्रपट आणि सीडी एकमेकांची जाहिरात करत होते. ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’साठी (१९९४) वेट वेट वेट या बँडनं द ट्रॉग्जचं १९६७ चं गाणं नव्यानं गायलं, ते ब्रिटनमध्ये सलग पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि शेवटी लोक इतके कंटाळले की बँडनंच ते विक्रीतून काढून घेतलं. बाजार होता, हे मला मान्य आहे. नायिका सहा कपडे घालून बघते तेव्हा वाजणारं गाणं, श्रेयनामावलीवर चिकटवलेलं नव्या गायकाचं गाणं, यांतली कितीतरी गाणी कुणी बदलली तर मला पत्ताही लागणार नाही. पण वाईट संवादही असतात. म्हणून संवाद हा पटकथेचा भाग नाही, असं कुणी म्हणत नाही. कुठलं गाणं नुसतं विकायला घातलं आणि कुठलं गाणं लिहिलं गेलं, हे समीक्षकानं सांगावं, प्रेक्षकानं ठरवावं. वीस वर्षांनी एखाद्या कार्यालयातल्या हिशेबानं ते ठरू नये.

आणि आज ते तसंच ठरतं. चित्रपटात गाणं वापरायला दोन परवानग्या लागतात: एक शब्द आणि चाल यांची, जी बहुधा संगीत प्रकाशकाकडे असते, आणि दुसरी त्या विशिष्ट रेकॉर्डिंगची, जी बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असते. धंद्यात याला ‘सिंक’ म्हणतात. परवानगी कशासाठी, किती वर्षांसाठी, कुठल्या देशांसाठी, कुठल्या माध्यमासाठी, हे करारात लिहिलेलं असतं. माध्यम बदललं की तो कागद पुन्हा उघडतो. १९६९ च्या एका अमेरिकन चित्रपटात एक गाणं टेलिव्हिजनपर्यंतच्या परवानगीनं घेतलं होतं. पुढं व्हिडिओ कॅसेट आल्या. ‘कोहेन विरुद्ध पॅरामाउंट’ या खटल्यात १९८८ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं सांगितलं की टेलिव्हिजनच्या परवानगीत कॅसेट येत नाही. त्याच्या पाच वर्षं आधी ‘अमेरिकन ग्राफिटी’ या गाण्यांनी भरलेल्या चित्रपटाबाबत निकाल उलटा लागला होता, कारण तिथल्या करारात आज ज्ञात असलेल्या आणि पुढं येणाऱ्या सगळ्या साधनांचा उल्लेख होता. एका वाक्यांशाचा फरक. चित्रपट पूर्ण राहणार की नाही, हे वकिलाच्या त्या वाक्यांशावर अवलंबून होतं.

मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट पुढं शहाणे झाले आणि व्यापक करार करायला लागले. मालिकांचं तसं झालं नाही. ‘मूनलायटिंग’ (१९८५ ते १९८९) ही ब्रूस विलिस आणि सिबिल शेपर्ड यांची मालिका म्हणजे छोट्या पडद्यावरची अस्सल रोमँटिक कॉमेडी. तिचा एक अख्खा भाग बिली जोएलच्या गाण्याभोवती आणि त्यावरच्या नृत्याभोवती रचलेला आहे. गाण्यांच्या हक्कांमुळे ती वर्षानुवर्षं ओटीटीवर येऊ शकली नाही. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. शेवटच्या भागानंतर चौतीस वर्षांनी. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या रेडिओ स्टेशनवरच्या विनोदी मालिकेचं तर याहून वाईट झालं. मुदत संपली तशी पुनःप्रसारणात मूळ गाण्यांच्या जागी त्यांच्यासारख्या वाटणाऱ्या धून घातल्या गेल्या, आणि जिथं पात्रं गाण्यावर बोलत होती तिथले काही संवादही दुसऱ्यांच्या आवाजात पुन्हा भरले गेले. म्हणजे गाणं काढायला गेलं की माणसाचा आवाजही निघून जातो. दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेले असतात.

मला हे पहिल्यांदा कळलं ते एका जुन्या आवडत्या मालिकेचा भाग ओटीटीवर पुन्हा बघताना. निरोपाच्या प्रसंगात जे गाणं येणार म्हणून मी वाट बघत होतो, तिथं गिटारवर चार सूर वाजले आणि प्रसंग संपला. माझा पहिला विचार असा होता की आपल्यालाच चुकीचं आठवतंय. पात्रं तीच, घर तेच, ती तशीच मागं वळून बघते, आणि मला मात्र काहीच झालं नाही. पुढं दोन-तीन दिवस मी त्या गाण्याबद्दल ओळखीच्या लोकांना विचारत होतो. बदल केल्याचं पडद्यावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. माझा राग त्यावर आहे. प्रेक्षकाची आठवण खोटी पाडायची आणि त्याला सांगायचंही नाही, हे बरोबर नाही.

पूर्वी व्हिडिओ कॅसेट लावली की सुरुवातीला सूचना यायची: मूळ आवृत्तीत बदल केला आहे, चित्र तुमच्या टीव्हीच्या पडद्यात बसवलं आहे. चित्राच्या कडा कापल्या तरी सांगायची लाज बाळगली जात होती. गाणं कापलं तर तेवढंही का नको? अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानं राष्ट्रीय चित्रपट नोंदवही सुरू झाली, त्यामागे कृष्णधवल चित्रपट रंगीत करण्यावरून उठलेलं वादळ होतं. फ्रान्समध्ये अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्या १९५० च्या चित्रपटाची रंगीत आवृत्ती दाखवण्यावरून वारसदार न्यायालयात गेले, आणि १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कर्त्याचा नैतिक हक्क मान्य केला: कृती ज्या रूपात केली त्या रूपात तिचा मान राखला गेला पाहिजे. न मागितलेला रंग भरणं हा जर कृतीचा भंग असेल, तर असलेला आवाज काढणं हाही भंगच आहे.

गाण्याला संवाद न मानण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो कर्णबधिर प्रेक्षकांना भोगावा लागतो. सबटायटल्समध्ये संवाद येतात आणि गाण्याच्या जागी नुसती संगीताची खूण येते. २०१५ मध्ये अमेरिकेत अशा प्रेक्षकांनी मोठ्या स्टुडिओंवर दावा केला की गाण्याचे शब्द न देणं म्हणजे त्यांना अर्धाच चित्रपट विकणं. न्यायालयात तो टिकला नाही. कॅरनच्या झोपायच्या खोलीतला प्रसंग आठवा. ऐकू न येणाऱ्या माणसासमोर तिथं एक बाई डोळे पुसते आणि चादर सारखी करते, एवढंच आहे. इंग्रजी उच्चार पटकन न पकडता येणाऱ्या जगभरच्या प्रेक्षकांचीही थोड्याफार फरकानं तीच स्थिती असते. संवाद लिहून दाखवायचे आणि गाणं गिळायचं, ही वाटणी कुणी आणि कशाच्या आधारावर केली?

मला काय हवं आहे ते नेमकं सांगतो. चित्रपटासाठी गाण्याची परवानगी एकदा दिली की ती त्या चित्रपटाच्या आयुष्यभरासाठी आणि आज-उद्याच्या सगळ्या माध्यमांसाठी असावी. गाणं मुदतीवर भाड्यानं द्यायची पद्धत कथाचित्रांपुरती तरी कायद्यानं बंद करावी. काही कारणानं गाणं बदललंच, तर चित्रपट सुरू होण्याआधी ते पडद्यावर लिहावं. मूळ आवृत्ती कुठल्या तरी सार्वजनिक संग्रहात, कुणालाही जाऊन बघता येईल अशी ठेवावी. सबटायटल्समध्ये गाण्याचे शब्द यावेत. आणि गाणं निवडणाऱ्यांना निर्मितीचं श्रेय मिळावं. ऑस्करमध्ये गाण्याचा पुरस्कार आहे तो फक्त चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याला. जुनं गाणं नेमक्या जागी ठेवणाऱ्या म्युझिक सुपरवायझरला तिथं जागाच नाही. टेलिव्हिजनसाठीच्या एमी पुरस्कारांनी २०१७ पासून तो विभाग सुरू केला आहे. पात्रनिवडीसाठी ऑस्करनं २०२५ च्या चित्रपटांपासून स्वतंत्र पुरस्कार आणला. नट निवडणं ही कला मानली जात असेल, तर आवाज निवडणं का नाही?

निवडीत किती विचार असतो याचं अलीकडचं उदाहरण ‘क्रेझी रिच एशियन्स’चं (२०१८). दिग्दर्शक जॉन एम. चू यांना शेवटाकडे कोल्डप्लेचं ‘यलो’ मँडरिन भाषेत हवं होतं. बँडनं आधी नकार दिला. पिवळा हा शब्द पाश्चात्त्य देशांत आशियाई लोकांना शिवीसारखा वापरला गेला आहे. चू यांनी बँडला पत्र लिहिलं: हे गाणं ऐकून त्या रंगाकडे पहिल्यांदा सुंदर म्हणून बघता आलं, आणि आशियाई मुलांना तसं काहीतरी आपलं म्हणून मिळावं. होकार आला. कॅथरीन हो हिनं ते गायलं. तिथं दुसरं कुठलंही प्रेमगीत चाललं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो गाणं करणाऱ्यांचा आहे. कायमची परवानगी एकदाच्या पैशात घ्यायची, आणि चित्रपट पन्नास वर्षं कमावत राहणार, मग गीतकारानं आणि गायकानं का सोसायचं? त्यांचं बरोबर आहे. मुदतीचे करार लोभातूनच आले असं नाही, आधी फसवले गेलेल्या लोकांच्या सावधपणातूनही ते आले. पण फसवणुकीवरचा उपाय गाणं काढून घेणं हा नाही. चित्रपट जिथं जिथं कमावेल, तिथं तिथं गाण्याचा ठरलेला वाटा चालत राहावा. प्रेक्षकानं बघितलं की पैसे पोचावेत. ओटीटीकडे कुठला भाग किती वेळा बघितला गेला याची नोंद असतेच, हिशेब अशक्य नाही. शिवाय चित्रपटात टिकून राहिलेलं गाणं स्वतःही कमावतं. ‘एनीवन बट यू’मध्ये (२०२३) नायक मन शांत करायला नताशा बेडिंगफील्डचं २००४ चं गाणं ऐकतो, आणि त्या एका धाग्यामुळे वीस वर्षांनी ते गाणं ब्रिटनच्या यादीत पुन्हा चढलं.

वाटा देऊन गाणं जागेवर ठेवता येतं, हे करून दाखवलेलं आहे, आणि तेही याच सिनेमाच्या घरात. ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’च्या (२००१) सुरुवातीच्या श्रेयनामावलीत ब्रिजेट सोफ्यावर रात्रीच्या कपड्यांत एकटी बसून ‘ऑल बाय मायसेल्फ’वर हातवारे करते. मूळ गाणं एरिक कार्मेनचं, १९७५ चं. त्याच्या अंतऱ्याची चाल त्यांनी रशियन संगीतकार रॅकमानिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कंचेर्टोतून घेतली होती, हक्काची मुदत संपली आहे अशा समजुतीनं. अमेरिकेबाहेर ती संपलेली नव्हती. रॅकमानिनॉव्हच्या वारसांनी विचारणा केली. त्यांना चाल काढून टाकायला लावता आली असती, रेकॉर्ड थांबवता आली असती. त्याऐवजी दोन्ही बाजू बोलायला बसल्या आणि ठरलं की गाण्याच्या रॉयल्टीतले बारा टक्के वारसांना जातील. गाणं जसंच्या तसं राहिलं, आणि पंचवीस-सव्वीस वर्षांनी ते जेमी ओनीलच्या आवाजात ब्रिजेटच्या सोफ्यापर्यंत पोचलं.